अंताची वाट पाहणाऱ्यांच्या शाळा

ज्यांना जगाचा अंत जवळ आला आहे असे मनोमन वाटते, त्यांनी शाळा कशासाठी काढाव्यात? पेरणारा सुगीचा भरवसा धरतो, शाळा काढणारा पुढच्या पिढीचा. उद्यावर विश्वास असल्याखेरीज मुलाच्या हाती पाटी देता येत नाही. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या शैक्षणिक इतिहासाच्या मुळाशी हाच विरोध आहे. ‘अ‍ॅडव्हेंट’ म्हणजे आगमन. ख्रिस्ताचे पुनरागमन अगदी नजीक आले आहे, ही या पंथाची मूळ श्रद्धा होय. अमेरिकेत विल्यम मिलर याच्या उपदेशाने भारावलेल्या हजारो लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी त्या आगमनाची वाट पाहिली. दिवस मावळला, रात्र सरली आणि जग होते तसेच राहिले. या दारुण निराशेतून सावरलेल्या एका लहानशा गटाने पुढे १८६३मध्ये या पंथाची रीतसर स्थापना केली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा काळ ‘शब्बाथ’ म्हणून पवित्र मानणे, त्या काळात नित्याचे काम व शिकणे बंद ठेवणे, हे या पंथाचे दुसरे लक्षण.

पंथाच्या मुखपत्रातून १८६२मध्ये एका सभासदाने हाच प्रश्न उघडपणे विचारला होता. प्रभूच्या त्वरित येण्यावर ज्यांचा संपूर्ण विश्वास आहे, त्यांनी मुलांच्या शिक्षणाच्या मागे लागणे सुसंगत ठरते काय? संपादक जेम्स व्हाइट यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की येणारा लवकर येणार आहे म्हणून बुद्धी पडीत ठेवावी असे होत नाही. उलट वळण लागलेली बुद्धीच सत्य अधिक चांगल्या रीतीने ग्रहण करू शकते. उत्तर लहान आहे, परंतु पुढील दीड शतकाची वाटचाल त्यात बीजरूपाने आहे. अंताची अपेक्षा मुलांना भयभीत करण्याकरिता वापरावयाची की सज्ज करण्याकरिता, याची निवड या उत्तराने केली. ही निवड एकदाच करून भागणारी नव्हती. युद्ध, मंदी, रोगराई, राजसत्तेचा वरवंटा, अशा प्रत्येक विस्कटलेल्या काळात या शाळांना ती नव्याने करावी लागली. आणि ती प्रत्येक वेळी सारखीच झाली असे इतिहास सांगत नाही.

शिक्षणाच्या या परंपरेची दिशा ठरवणाऱ्या एलन व्हाइट यांना स्वतःला मात्र शाळा फारशी लाभली नव्हती. वयाच्या नवव्या वर्षी एका मुलीने फेकलेला दगड नाकावर बसून त्या जबर जखमी झाल्या आणि त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ तेथेच संपले. शाळेपासून तुटलेल्या या स्त्रीने १८७२मध्ये शिक्षणविषयक आपला पहिला विस्तृत निबंध लिहिला. शरीर, बुद्धी आणि आत्मा यांचा समतोल विकास म्हणजे शिक्षण, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. त्याच वर्षी मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे गुडलो हार्पर बेल या शिक्षकाची शाळा पंथाच्या आश्रयाखाली आली. १८७४मध्ये त्याच गावी महाविद्यालय निघाले. परंतु त्या महाविद्यालयाने आपला बराचसा अभ्यासक्रम प्रचलित पद्धतीने ग्रीक-लॅटिनभोवती उभारला. शेत, कर्मशाळा, हातांचे काम या गोष्टी कागदावरच राहिल्या.

त्या कल्पनेला खरे रूप मिळाले ते दूरच्या ऑस्ट्रेलियात, आणि तेही आर्थिक अरिष्टाच्या दिवसांत. १८९३मध्ये तेथील अनेक बँका कोसळल्या. घरेदारे गमावलेल्या माणसांकडून वर्गणी मागणेही अवघड होते. अशा वेळी एलन व्हाइट यांच्या आग्रहावरून न्यू साउथ वेल्समधील कुरनबाँग येथे सुमारे दीड हजार एकरांची रानजमीन घेण्यात आली. जमीन निकस आहे, असा जाणकारांचा अभिप्राय होता. इमारत नसल्याने विद्यार्थी एका जुन्या हॉटेलात राहिले. त्यांनी दिवसा झाडे तोडावीत, जमीन साफ करावी आणि संध्याकाळी वर्गात बसावे, असा क्रम १८९५मध्ये सुरू झाला. १८९७मध्ये तेथे अ‍ॅव्हनडेलची शाळा उघडली. पैसा नव्हता म्हणून श्रम आले आणि श्रम आले म्हणून शिक्षणाचा अर्थच पालटला. आपत्तीने येथे शाळेचे स्वरूप बिघडवले नाही, घडवले. एलन व्हाइट यांचा शिक्षणावरील ग्रंथ १९०३मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या पाठीशी हा अनुभव होता.

या शाळांतील श्रद्धेचे शिक्षण धर्मपाठाच्या तासापुरते मर्यादित नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पहाटेची प्रार्थना, एकत्र शाकाहारी भोजन, शेतातील किंवा बेकरीतील काम, शिक्षकांचे विद्यार्थ्यांच्या शेजारीच राहणे आणि शुक्रवारी सूर्य कलला की सगळी कामे हातावेगळी करून थांबणे, या दिनक्रमातून ती मुरत असे. वारकऱ्याच्या घरातील मुलाला एकादशी कोणी व्याख्यान देऊन शिकवीत नाही. त्या दिवशी घर वेगळे वागते, हे ते पाहते. तसेच काहीसे येथे होते. परंतु दिनक्रमावर उभी असलेली श्रद्धा दिनक्रम मोडला की उघडी पडते. शनिवार पाळणाऱ्याला तो पाळू न देणारा कायदा आला, तर काय करायचे?

युरोपात हा प्रश्न लवकरच उभा राहिला. सक्तीचे शिक्षण ही एकोणिसाव्या शतकाची मोठी देणगी. पण त्या सक्तीत शनिवारही होता. स्वित्झर्लंडमध्ये एका डच अ‍ॅडव्हेंटिस्ट धर्मोपदेशकाने आपल्या मुलांना शनिवारी शाळेत पाठविण्याचे नाकारले. त्याची शिक्षा म्हणून तो दर आठवड्याला एक दिवस तुरुंगात काढीत असे. त्याच्या मुलाचे नाव योहान हेंड्रिक वाइडनर. हा मुलगा पुढे स्विस सीमेला लागून असलेल्या फ्रान्समधील कोलोंज येथील अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यालयात शिकला. सालेव्ह पर्वताच्या पायथ्याशी १९२१मध्ये सुरू झालेल्या या विद्यालयात त्याचे वडील ग्रीक आणि लॅटिन शिकवीत. सीमेच्या पलीकडे जिनिव्हा. सालेव्हच्या वाटा त्या मुलाच्या पायाखालच्या झाल्या. त्या वाटांचा उपयोग पुढे कशासाठी होणार आहे, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

याच सुमारास जर्मनीत त्याच पंथाची, त्याच ग्रंथांवर वाढलेली मोठी मंडळी होती. मॅग्डेबुर्गजवळ फ्रीडेन्साउ येथे १८९९मध्ये स्थापन झालेले विद्यालय हा तिचा अभिमानाचा विषय होता. फ्रीडेन्साउ म्हणजे शांतीचे कुरण. नाझी राजवटीने नोव्हेंबर १९३३मध्ये या पंथावर बंदी घातली आणि थोड्याच दिवसांत उठवली. त्या थोड्या दिवसांनी मोठी दहशत बसवली. संस्था टिकली पाहिजे, शाळा आणि रुग्णालये वाचली पाहिजेत, या भावनेने नेतृत्वाने पावलापावलाने माघार घेतली. मुलांना शनिवारी शाळेत न जाण्याची जी मुभा पूर्वी मिळत असे, तीही गेली. ‘शब्बाथ’ हा शब्द ज्यू वाटतो, म्हणून तो टाळण्यात येऊ लागला. शब्बाथ-शाळेचे नाव ‘बायबल-शाळा’ झाले, शब्बाथला ‘विश्रांतीचा दिवस’ म्हणू लागले. ज्यू वंशाच्या सभासदांना अनेक ठिकाणी मंडळीबाहेर काढण्यात आले.

साहित्याच्या अभ्यासकाने या शब्दांतराकडे विशेष लक्ष द्यावे असे ते आहे. आचार तोच, दिवस तोच, फक्त नाव बदलले. मग बिघडले कोठे? बिघडले ते असे, की त्या नावात एका दुसऱ्या समाजाचे ऋण होते. शब्बाथ हा शब्द या पंथाने ज्यूंकडून घेतला होता. तो शब्द टाकणे म्हणजे ते ऋण नाकारणे, आणि ऋण नाकारल्यावर ऋणकोला धनकोच्या दारावरून मुकाट्याने पुढे जाता येते. मंडळीतल्या मुलांनी हे सर्व पाहिले. कोणत्याही धड्यात नसलेला एक धडा ती शिकली: संकटात श्रद्धेपेक्षा संस्था मोठी असते. आणि ज्या संस्थेसाठी हे केले, तीही वाचली नाही. १९४३मध्ये फ्रीडेन्साउचे विद्यालय बंद पडले आणि तेथे लष्करी इस्पितळ आले.

फ्रान्स १९४०मध्ये कोसळले. वाइडनर त्या वेळी कापडाच्या व्यापारात होता. त्याने लिओंला दुकान थाटले, पुढे सीमेजवळ आनसी येथेही. १९४२पासून या दुकानांच्या आडोशाने एक गुप्त वाट उभी राहिली. नेदरलँड्स आणि बेल्जियममधून निसटलेले ज्यू, नंतर पाडलेल्या विमानांतील दोस्त राष्ट्रांचे वैमानिक हे फ्रान्समधून स्वित्झर्लंडकडे अथवा स्पेनकडे नेले जात. ‘डच-पॅरिस’ या नावाने ही साखळी ओळखली जाते. कोलोंजच्या विद्यालयाचा परिसर, तेथील काही माणसे आणि सालेव्हच्या त्या जुन्या वाटा तिच्या उपयोगी पडल्या. साखळीत तीनशेहून अधिक माणसे होती. त्यांत अ‍ॅडव्हेंटिस्ट थोडे; कॅथॉलिक, इतर प्रॉटेस्टंट, ज्यू आणि कोणताही धर्म न मानणारेही होते. सुमारे एक हजार जीव या वाटेने वाचले, त्यांत जवळजवळ आठशे ज्यू होते. किंमतही जबर द्यावी लागली. फेब्रुवारी १९४४मध्ये नावे-पत्ते असलेली वही जवळ असताना साखळीतील एक निरोप्या तरुणी पकडली गेली आणि अटकसत्र सुरू झाले. वाइडनरची बहीण गॅब्रिएल पॅरिसमध्ये पंथाच्या कचेरीत काम करीत असे. तिला त्याच महिन्यात अटक झाली आणि वर्षभराने राव्हेन्सब्रुकच्या एका उपछावणीत तिचा मृत्यू झाला. वाइडनर स्वतः पकडला गेला, छळ सोसून निसटला आणि १९९४पर्यंत जगला. ज्यूंच्या रक्षणासाठी झटलेल्या परधर्मीयांना इस्राएलतर्फे दिला जाणारा सन्मान त्याला १९६३मध्ये मिळाला.

एकच पंथ, एकच धर्मपाठ, एकच शनिवार. मग जर्मनीत एक आणि कोलोंजला दुसरे, असे का झाले? परिस्थितीचा फरक होताच. जर्मनीत सत्ता स्वकीयांची होती आणि रोजच्या जगण्याला वेढून होती. फ्रान्समध्ये ती परक्या आक्रमकाची होती. हे विसरून एकाला वीर आणि दुसऱ्याला भ्याड ठरवणे हा इतिहासाचा न्याय नव्हे. वाइडनरच्या कृतीचे सगळे श्रेय एका शाळेला देणेही अतिशयोक्तीचे होईल. तरीही एक गोष्ट उरतेच. वाइडनर लहानपणी श्रद्धेविषयी जे शिकला, त्यात दर आठवड्याला तुरुंगात जाणारा बाप होता. श्रद्धेची किंमत कोणी तरी आपल्यासमोर चुकवीत आहे आणि ती दुसऱ्यावर न ढकलता स्वतः चुकवीत आहे, हे त्याने पाहिले. मुलाच्या शनिवारसाठी बापाने मागितलेला विवेकाचा हक्क त्या मुलाने मोठेपणी दुसऱ्याच शब्बाथ पाळणाऱ्यांच्या मुलांसाठी मागितला, आणि तो हक्क मागण्याची भाषा अर्जाची नव्हती, डोंगर चढण्याची होती.

जर्मनीतील कथा मात्र १९४५ला संपत नाही. फ्रीडेन्साउचे विद्यालय १९४७मध्ये सोव्हिएत अमलाखालील विभागात पुन्हा उघडले आणि पूर्व जर्मनीच्या साऱ्या कालखंडात तग धरून १९९०मध्ये उच्चशिक्षण संस्था म्हणून मान्यता पावले. २००५मध्ये, महायुद्धाच्या समाप्तीला साठ वर्षे झाली तेव्हा, जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळींनी नाझी काळातील आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमायाचना केली. साठ वर्षे हा फार मोठा विलंब आहे. परंतु चूक मान्य करणारे वडीलधारे पाहणे, हाही मुलांच्या श्रद्धेच्या शिक्षणाचा भाग असू शकतो.

सोव्हिएत संघात तर शाळा काढण्याचा प्रश्नच नव्हता. धर्मशिक्षणाला मनाई आणि शनिवारच्या शाळेची सक्ती, अशा दुहेरी पेचात तेथील कुटुंबे होती. घर हीच शाळा झाली. पुढे १९८८मध्ये तुला प्रांतातील झाओक्स्की या गावी पंथाला धर्मविद्यालय उघडण्याची परवानगी मिळाली. त्यासाठी जी जागा देण्यात आली, ती आगीत जळून गेलेल्या एका सरकारी शाळेची होती. सभासदांनी स्वतःच्या हातांनी ती उभारली. ज्या राजवटीने मुलांना शनिवारी शाळेत ओढून नेले, तिच्याच एका शाळेच्या अवशेषांवर त्या मुलांच्या श्रद्धेची शाळा उभी राहावी, यातला उपरोध कोणा कादंबरीकाराला सुचता तर तो कृत्रिम वाटला असता.

भारतातील या परंपरेची सुरुवातही आपत्तीच्या छायेतच झाली. १८९५मध्ये जॉर्जिया बरस ही अमेरिकन स्त्री कलकत्त्यात आली आणि तिने मुलींच्या शिक्षणाचे काम आरंभिले. थोड्याच वर्षांत संथाळांच्या मुलुखात, आजच्या झारखंडमधील कर्माटाड येथे, पंथाने अनाथालय आणि शाळा काढली. कर्माटाड हे नाव भारतीय वाचकाला दुसऱ्या एका कारणासाठी परिचयाचे आहे. १८९१मध्ये निवर्तलेल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आपल्या उत्तरायुष्याची बरीच वर्षे तेथे काढली होती. संथाळांना औषध दिले होते, मुलींसाठी शाळा चालविली होती. विद्यासागरांचा धर्मोपदेशाशी संबंध नव्हता आणि मिशनऱ्यांना तो वगळता येत नव्हता. तरी एकाच गावी, एका दशकाच्या अंतराने, औषध आणि पाटी ही जोडी दोघांच्याही हाती दिसावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. डिसेंबर १८९९मध्ये कर्माटाडला देवीची साथ आली. डोअर्स रॉबिन्सन आणि फ्रेडरिक ब्राउन हे दोघे प्रमुख कार्यकर्ते काही दिवसांच्या अंतराने तिला बळी पडले. मागे उरलेल्या मोजक्या माणसांत कलकत्त्याहून पंथाचे नियतकालिक संपादित करणारे विल्यम स्पायसर होते. कामाचा भार त्यांच्यावर आला. हेच स्पायसर पुढे १९२२ ते १९३० या काळात पंथाच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले.

त्यांच्या नावाची संस्था महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. पहिले महायुद्ध चालू असताना १९१५मध्ये कोइमतूरला निघालेली ही प्रशिक्षण शाळा पुढे बंगलोरला आणि तेथून जवळच्या कृष्णराजपुरमला गेली. १९३७मध्ये तिला स्पायसर महाविद्यालय हे नाव मिळाले आणि १९४२मध्ये, दुसरे महायुद्ध भारताच्या किनाऱ्याला भिडले असताना, ती पुण्यास आली. एकाच आयुष्यात इतक्या वेळा बिऱ्हाड हलविणाऱ्या संस्थेला इमारतीचा अभिमान धरून चालत नाही. बरोबर नेता येतो तो दिनक्रम. औंध रस्त्यावरील त्या परिसरात शेत, कर्मशाळा आणि बेकरी आल्या; विद्यार्थी काम करून फी भरू लागले. पुण्यातील जुन्या रहिवाशांना धर्मपंथाचे नाव सांगता आले नाही, तरी स्पायसरचा पाव ठाऊक असे. योगायोग असा, की १९३७ हेच वर्धा येथील शिक्षण परिषदेचे वर्ष. हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू असावा, हा गांधीजींचा विचार तेथे मांडला गेला. स्पायसर पुण्यास आले त्याच वर्षी गांधीजी पुण्यातच आगाखान वाड्यात बंदिवान होते. दोन्ही विचारांची मुळे वेगळी आणि त्यांच्यात प्रत्यक्ष देवघेव झाल्याचा दावा करण्याचे कारण नाही. परंतु हात आणि हृदय यांना वगळून केवळ बुद्धी शिकवता येत नाही, या निष्कर्षावर दोन्ही वाटा येऊन मिळतात.

स्वातंत्र्यानंतर भारतातील अ‍ॅडव्हेंटिस्ट शाळांपुढे आणखी एक प्रश्न आला. तो युद्धाचा नव्हता, पण कमी कठीणही नव्हता. त्यांच्या वर्गांत बहुसंख्य मुले इतर धर्मांची असतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. अनुच्छेद २८ने मान्यताप्राप्त अथवा अनुदानित संस्थेतील कोणाही विद्यार्थ्याला, त्याच्या अगर तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्यास बांधता येणार नाही, असेही सांगितले. वरवर पाहता एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने आवळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ही दोन्ही कलमे एकाच विवेकाची दोन रूपे आहेत. माझ्या मुलाला शनिवारी शाळेत ओढू नका, असे स्विस न्यायालयापुढे म्हणणारा बाप आणि माझ्या मुलाला तुमच्या प्रार्थनेत ओढू नका, असे म्हणणारा भारतीय पालक, हे एकाच बाजूला उभे आहेत. ज्या पंथाने पहिल्याची बाजू घेतली, त्याला दुसऱ्याची घ्यावीच लागते.

अशा वर्गात श्रद्धेचे संगोपन म्हणजे काय, याचे उत्तर १८६२च्या त्या लहानशा उत्तराशीच पुन्हा नेऊन सोडते. भीती सोपी असते, ती लवकर शिकवता येते आणि लवकर विरते. २०२०मध्ये महामारीने जगभरच्या शाळांची दारे लागली, तेव्हा भोजनगृह, शेत, सामूहिक प्रार्थना हे सारे एका फटक्यात बंद पडले. उरले ते शिक्षकाचा आवाज आणि विद्यार्थ्याचे घर. विस्कटलेला काळ दर वेळी हेच करतो. तो शाळेतून वजा होण्यासारखे सगळे वजा करतो आणि शेवटी एका माणसाचे दुसऱ्याशी वागणे तेवढे शिल्लक ठेवतो. जर्मनीत ते शिल्लक राहिले नाही, म्हणून संस्थाही हातची गेली. सालेव्हच्या वाटेवर ते शिल्लक राहिले आणि हजार माणसे पलीकडे पोहोचली.

अंताची वाट पाहणाऱ्यांनी शाळा का काढाव्यात, या प्रश्नाला म्हणून तर्काचे उत्तर नाही, इतिहासाचे आहे. अंत केव्हा येईल हे त्यांना कधीच कळले नाही. जग मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत अनेकदा संपले: कुरनबाँगला, कर्माटाडला, पॅरिसला. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी कोणा मुलाला शिकवायचे होतेच.